उकळत्या मिश्रणाचा हिशेब



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घालून दिली. पुढे ती गावोगाव पसरली. ह्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, शेती अशा विषयांवर बोलणे सोपे असते, कारण श्रोत्यांच्या मनात त्या विषयाची गोडी आधीच असते. माझा विषय तसा नाही. अनेक द्रव एकत्र मिसळलेले असताना ते उकळले, तर वाफेत कोणता किती जाईल, हे आधीच कसे अजमावावे, असा तो आहे. विषयाचे नाव ऐकून कोणी घराकडे निघाला तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण जुन्नर-आंबेगावची माणसे ऊस लावतो. उसाची साखर होते, साखरेमागे मळी उरते, मळीपासून मद्यार्क होतो, आणि तो मद्यार्क आज पेट्रोलमध्ये मिसळला जातो. शंभर भागांत वीस भाग मद्यार्क हे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. तेव्हा आपल्या शेतातल्या उसाचा काही अंश आपल्याच मोटारसायकलीच्या टाकीत येऊन पडतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ह्या प्रवासातली सर्वांत उंच आणि बरीच खर्चाची पायरी म्हणजे आसवनीतला मनोरा, आणि मनोरा किती उंच हवा हे मी सांगणार आहे त्या हिशेबावर ठरते.

आधी मनोरा म्हणजे काय ते पाहू. मळीत पाणी घालून, यीस्ट घालून ती आंबवली की जे पातळ द्रव्य तयार होते त्याला कामगार वॉश म्हणतात. त्यात मद्यार्क थोडा आणि पाणी फार. हा वॉश उकळला की वर येणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण वाढलेले असते. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की ते आणखी वाढते. गावठी भट्टीवाला हेच करतो, फक्त तो एकदा-दोनदा करून थांबतो. मनोऱ्यात हे काम एकावर एक बसवलेल्या प्लेटांवर पुनःपुन्हा होते. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो, आणि प्रत्येक प्लेटीवर दोघांची गाठ पडते. त्या भेटीत हलका घटक वाफेबरोबर वर निघतो आणि जड घटक द्रवाबरोबर खाली जातो. एनियस कॉफी ह्या आयरिश गृहस्थाने असा सतत चालणारा मनोरा १८३० साली पेटंट केला. आज आपल्या महाराष्ट्रातल्या आसवन्यांत जे मनोरे उभे आहेत, ते त्याचेच नातू-पणतू होत. ह्या विद्येत आपली माणसेही मागे नाहीत. पुण्यात १९८३ साली सुरू झालेल्या प्राज ह्या कंपनीने आसवन्यांचे संच देशोदेशी उभारले आहेत.

आता प्रश्न असा, की प्लेटी किती लावायच्या? वीस, चाळीस की सत्तर? कमी लावल्या तर माल शुद्ध होत नाही. जास्त लावल्या तर पोलाद फुकट जाते. नुसत्या अंदाजाने मनोरा उभा करता येत नाही. एकदा तो उभा राहिला की त्याच्यावर चार प्लेटी वाढवणे म्हणजे बांधलेल्या घराचा पाया उकरण्यासारखेच आहे. म्हणून आधी कागदावर सांगावे लागते की अमुक द्रवावर अमुक वाफ असेल. द्रव आणि वाफ एकमेकांशेजारी स्वस्थ राहू दिली, आणि दोघांच्या घटकांत बदल होईनासा झाला, म्हणजे त्यांचा समतोल झाला असे म्हणतात. हा समतोल आधीच अजमावणे, एवढाच आपला विषय आहे.

पहिला विचार कोणालाही सुचेल तो असा. मद्यार्क सुमारे ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना. प्रत्येक द्रवाचा एक बाष्पदाब असतो, म्हणजे वाफ होऊन निसटण्याचा जोर असतो. कोणत्या तापमानाला तो किती, हे सांगणारे सुटसुटीत सूत्र आंत्वान ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८८ साली दिले. मग मिश्रणात ज्याचा जेवढा वाटा, त्या वाट्याने त्याचा दाब धरावा. हा राऊल्ट ह्या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम. तोही त्याच दशकातला. नियम सरळ आहे, न्याय्य आहे, आणि सावकाराच्या व्याजासारखा पाटीवर मांडता येतो.

तो वॉशला लावून पाहू. समजा, द्रवात हजार रेणूंपैकी १९ मद्यार्काचे आणि बाकीचे पाण्याचे आहेत. ह्या नियमाप्रमाणे वाफेतल्या हजार रेणूंत मद्यार्काचे सुमारे ४२ यायला हवेत. प्रत्यक्ष मोजले तर किती येतात? १७०! हिशेबाच्या चौपट. हा आकडा प्रयोगशाळेत कसून मोजलेला आहे. तेव्हा चूक प्रयोगाची नाही, आपल्या समजुतीची आहे.

आपण धरून चाललो की मद्यार्काचा स्वभाव मद्यार्कापाशी, पाण्याचा पाण्यापाशी, आणि शेजार बदलला तरी स्वभाव बदलत नाही. परंतु आपल्याकडे शेतकरीसुद्धा जाणतो, की ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांच्या दाटीत मद्यार्काचा एखादा रेणू शिरला तर तो तेथे उपरा ठरतो. त्याला बाहेर पडण्याची घाई होते. म्हणून तो हिशेबाच्या कितीतरी अधिक वाफेत जातो. शास्त्रज्ञ ह्या वाढीला क्रियाशीलता-गुणांक म्हणतात. आपण आजच्या पुरते त्याला संगतीचा गुणक म्हणू.

संगतीचा हा गुण दोन्ही बाजूंनी चालतो. मनोऱ्याच्या वरच्या भागात मद्यार्कच पुष्कळ आणि पाणी थोडे असते. तेथे पाणी उपरे ठरते, आणि निसटू पाहते. ७८ अंशांना पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब मद्यार्काच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण मद्यार्काच्या गर्दीत त्याचा जोर सव्वादोन पटींहून थोडा अधिक वाढतो, आणि मग दोघे बरोबरीला येतात. द्रवात हजारी ७४७ मद्यार्क असला तर वाफेत ७८२ असतो. केवढी ही अल्प प्रगती! आणि ८९४ ला पोचलो की वाफेतही ८९४ च. वजनाने हे शेकडा ९५.६ होते. येथून पुढे साध्या मनोऱ्याला सत्तर मजले चढवले काय आणि सातशे चढवले काय, पाणी सुटत नाही. पेट्रोलमध्ये घालायचा मद्यार्क मात्र जवळजवळ निर्जळ लागतो. म्हणून शेवटचे पाणी काढण्यासाठी झिओलाइटची रेणूंची चाळणी लावतात. तिची भोके एवढी बारीक असतात की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि मद्यार्काचा बाहेर राहतो. जो राऊल्टच्या नियमावर विसंबेल तो तळाशी गरजेपेक्षा जास्त प्लेटी लावील, आणि वर कधीच न होणाऱ्या कामाची वाट पाहत बसेल.

येथवर दोघांचाच संसार होता. परंतु वॉशमध्ये मद्यार्क आणि पाणी एवढीच मंडळी नसतात. त्यात ॲसिटाल्डिहाइड असते, एथिल ॲसिटेट असते, किंचित मेथॅनॉल असते, आणि फ्यूजल ऑइल नावाचा एक तेलकट, उग्र वासाचा समुदाय असतो. ह्या शेवटच्या मंडळींत आयसोअमिल अल्कोहोल हे प्रमुख. ह्याच पदार्थाने मला तरुणपणी जो धडा शिकवला, तो आपल्यापुढे ठेवतो.

मी शिकून नुकताच बाहेर पडलो होतो आणि एका आसवनीत कामाला लागलो होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक आसवनीची नव्हती, माझी होती. मनोऱ्याच्या मधल्या प्लेटींना बारीक नळ होते आणि त्यांतून फ्यूजल ऑइल सतत काढून घेत असत. त्याबरोबर थोडा चांगला मद्यार्कही जाई. मला ते नुकसान वाटले. पुस्तकात पाहिले तर आयसोअमिल अल्कोहोल १३१-१३२ अंशांना उकळते असे दिलेले. मी म्हणालो, पाण्यापेक्षाही उशिरा उकळणारी ही वस्तू आपोआप तळाला जाईल. तिच्यासाठी मध्ये नळ कशाला? आणि नळ जवळजवळ बंद करायला सांगितले. मनोऱ्यावर वीस वर्षे काढलेले एक वयस्कर ऑपरेटर होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. ते म्हणाले, “साहेब, ही बया ना खाली जात, ना वर. मधल्या माडीवर ठाण मांडून बसते. तिला वाट ठेवली नाहीत तर डोक्यावर चढेल.” मी हसलो. म्हणालो, “मामा, आकडे तसे सांगत नाहीत.” मामांनी नळ बंद केले.

दुसऱ्या पाळीत मधल्या प्लेटींचे तापमान वर सरकू लागले. रात्री वरून येणाऱ्या स्पिरिटला तो उग्र वास येऊ लागला. तो माल सगळा पुन्हा चालवावा लागला. वाफ गेली, दिवस गेला. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. नुसते नळ उघडले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्या चहाची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

मामांचे म्हणणे खरे का ठरले? ह्या रेणूला एक पाण्याशी सलगी करणारे टोक आहे, आणि पाच कार्बनांची तेलकट शेपटी आहे. पाण्याला ती शेपटी मुळीच खपत नाही. शंभर भाग पाण्यात हे तेल दोन-तीन भागच विरघळते. त्यामुळे मनोऱ्याच्या खालच्या, पाणथळ भागात त्याचा संगतीचा गुणक एवढा प्रचंड होतो, की ते मद्यार्काच्याही पुढे धावत वर निघते. वर गेले की भोवती मद्यार्कच मद्यार्क, म्हणजे भाऊबंदच. तेथे घाई संपते, १३२ अंशांचा मूळ स्वभाव परत येतो, आणि ते खाली उतरू लागते. खाली गेले की पाणी पुन्हा वर ढकलते. असे ते मध्येच साठते. माझ्या पुस्तकातला आकडा खोटा नव्हता. तो एकट्या वस्तूचा होता, आणि मनोऱ्यात कोणीच एकटे नसते.

ही विद्या एकदा कळली म्हणजे तिचा उपयोगही करून घेता येतो. दुधात पाणी घालणे हा आपल्याकडे अपराध आहे. पण अतिशुद्ध मद्यार्क करणारे लोक मद्यार्कात मुद्दाम पुष्कळ पाणी घालतात आणि तो एका स्वतंत्र मनोऱ्यात उकळतात. पाण्याच्या गर्दीत फ्यूजल ऑइल आणि एथिल ॲसिटेट उपरे होऊन वरून निघून जातात; मद्यार्क पाण्याबरोबर तळाला राहतो आणि मग पुढच्या मनोऱ्यात दाट केला जातो. एथिल ॲसिटेट ७७ अंशांना उकळते, मद्यार्क ७८ ला. उकळबिंदू पाहिले तर ही जोडी सुटणार नाही असे वाटेल. पाणी मध्ये आले की ती सहज सुटते. मेथॅनॉलचे मात्र उलटे आहे. तो पाण्याशी जुळवून घेणारा. पाण्यात तो मद्यार्कापासून वेगळा होत नाही, दाट मद्यार्कात होतो. म्हणून त्याच्यासाठी निराळा मनोरा लागतो. एका पाहुण्याला मानवणारे पथ्य दुसऱ्याला मानवत नाही, हे घरच्या बायकांना सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सगळे गुणक आणायचे कोठून? प्रत्येक मिश्रण उकळून मोजावे, हे उत्तर बरोबर आहे, पण अशक्य आहे. दोन द्रवांचे मोजमाप दहा-बारा निरीक्षणांत उरकते. दहा द्रव कोणकोणत्या प्रमाणांत मिसळता येतील ह्याला अंत नाही. येथे शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. गर्दीतही प्रत्येक रेणूला शिवून असतो तो एकेक शेजारीच. तेव्हा जोड्याजोड्यांचे संबंध मोजावेत आणि त्यांवरून समुदायाचा अंदाज बांधावा. दहा घटकांच्या जोड्या होतात पंचेचाळीस. पंचेचाळीस जोड्या मोजणे हे काम माणसाच्या आवाक्यातले आहे.

जोडीसाठी पहिले चांगले सूत्र माक्स मार्ग्युलेसने १८९५ साली दिले. हा मनुष्य व्हिएन्नाच्या हवामानसंस्थेत काम करणारा. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईत, तुटपुंज्या पेन्शनीवर, कोणाचे साहाय्य न घेता १९२० साली तो उपासमारीने मेला. त्याचे सूत्र मात्र आजही प्रत्येक रसायन-अभियंत्याला शिकवतात. पुढे व्हान लारने १९१० साली आपले सूत्र मांडले. परंतु जोडीवरून समुदायाकडे विश्वासाने नेणारे पाऊल ग्रँट विल्सनने १९६४ साली टाकले. त्याच्या सूत्रात एक उणीव होती. दोन द्रव तेल-पाण्यासारखे वेगळे होऊन थर करतात, हे ते दाखवू शकत नसे. आणि आपले फ्यूजल ऑइल तर नेमके तेच करते. मधल्या नळातून काढून त्यात पाणी घातले की ते वर तरंगते, आणि तसेच वेगळे करतात. ही उणीव रेनों आणि प्राउस्निट्झ ह्यांच्या १९६८ च्या सूत्राने भरून काढली. १९७५ साली तर फ्रेडेनस्लुंड, जोन्स आणि प्राउस्निट्झ ह्यांनी त्याहून पुढची कल्पना काढली. रेणू लक्षावधी असले तरी ते थोड्याच गटांचे बनलेले असतात, जशी बाराखडीच्या थोड्या अक्षरांची भाषा बनते. गटागटांचे संबंध ठरवले, की कोणी कधीच न मोजलेल्या जोडीचाही अंदाज करता येतो. जगभर झालेली मोजमापे एकत्र करण्याचे काम जर्मनीत डॉर्टमुंडला १९७३ साली सुरू झाले, आणि ते भांडार नसते तर ह्या बाराखडीला अक्षरेच मिळाली नसती.

मुंबईजवळ तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. खनिज तेलात घटक इतके, की मोजदाद करणेच व्यर्थ. तरी तेथला अंदाज एका अर्थी सोपा, कारण ती सगळी हायड्रोकार्बनची मंडळी एका जातकुळीची. एकमेकांत फारशी उपरी ठरत नाहीत. आपल्या मळीच्या मनोऱ्यात घटक थोडे, पण पाण्यासारखा मानी आणि तेलासारखा अलिप्त असे परस्परविरोधी स्वभाव एका घरात आलेले. म्हणून घटकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या स्वभावातल्या अंतराने हिशेब अवघड होतो.

आणि हे सारे कशासाठी सांगितले? आज हा हिशेब संगणक क्षणात करतो. आपल्या तालुक्यातली मुले अभियांत्रिकी शिकून तो करतात, ह्याचा मला अभिमान वाटतो. परंतु संगणक कोणत्याही प्रश्नाला उत्तर देतो. ज्या जोडीचे कोणी मोजमापच केले नाही तिथे तो एकतर बाराखडीवरून अंदाज भरतो किंवा संगतीचा परिणाम शून्य धरतो, आणि दोन्ही उत्तरे सारख्याच ठळक अक्षरांत छापतो. बाराखडीचा अंदाज पुष्कळदा चांगला असतो. पण पाण्यात अगदी थोडे मिसळलेले तेलकट पदार्थ हीच त्याची दुबळी जागा आहे, आणि फ्यूजल ऑइल तेथेच बसले आहे. शिवाय मोजमापे बहुधा हवेच्या दाबाखाली, स्वच्छ द्रवांची केलेली असतात. आजचे मनोरे वाफ वाचवण्यासाठी निरनिराळ्या दाबांवर चालवतात, म्हणजे एका मनोऱ्याची वाफ दुसऱ्याला तापवते. आणि मळीच्या वॉशमध्ये क्षारही असतात. कागद आणि कारखाना ह्यांच्यात एवढे अंतर असते.

आपल्यांपैकी अनेक जण सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. म्हणजे मनोऱ्याचे मालक आहात. वार्षिक सभेत भावाविषयी विचारता, ते विचारलेच पाहिजे. पण नवा संच घेण्याचा ठराव आला तर आणखी तीन प्रश्न विचारा. हा हिशेब कोणत्या जोड्यांच्या मोजमापांवर आधारला आहे? ज्या जोड्या मोजलेल्या नाहीत तेथे काय धरले आहे? आणि आपल्या स्वतःच्या मळीचा वॉश उकळून कोणी पाहिला आहे का? हे विचारायला पदवी लागत नाही. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी, १९७५ साली उभी राहिलेली आणि मद्यार्काचे शास्त्र शिकवणारी संस्था आपल्या जिल्ह्यातच आहे. प्रश्न नीट विचारला तर उत्तर देणारी माणसे दूर नाहीत.

आणि तरुण अभियंत्यांना एवढेच सांगेन. आकडा हाती आला की आधी विचारा, हा एकट्याचा आहे की संगतीतला? मग मनोऱ्यावर जा, आणि तेथे जे कोणी मामा असतील त्यांना विचारा की मधल्या माडीवर काय बसते. मामांना गुणक ठाऊक नव्हता. पण वीस वर्षे त्यांनी त्याच मिश्रणाचे मोजमाप केले होते, फक्त ते नाकाने आणि हाताने केले होते. मी त्या रात्री वाफेबरोबर जे गमावले, ते तुम्ही गमावू नये, म्हणून आज ही हकिकत सांगितली.